जुन्या लोखंडी फ्रेमवर सायकल उभी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाड्याच्या जिन्याखाली, सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा भंगारवाल्याच्या ढिगात सापडलेली फ्रेम, आणि तिच्यावर आपल्या हातांनी चालती सायकल उभी करायची हौस: हे पान त्यासाठी आहे. पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात एकच आग्रह डोकावेल. जे परत पूर्वीसारखं करता येणार नाही ते सगळ्यात शेवटी करा, आणि जमल्यास करूच नका. कापणं, घासणं, वेल्डिंग, रंग खरवडणं हे सगळं त्यात आलं.

पहिल्यांदाच करतोय. कुठली फ्रेम घ्यावी?

आपल्याकडे हाती लागणाऱ्या लोखंडी फ्रेम ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात. पहिली म्हणजे दूधवाल्यांची, डबेवाल्यांची, पोस्टमनची काळी रोडस्टर. चाकं २८ × १½, ब्रेक सळयांचे, वजन वीस किलोच्या आसपास. ॲटलस, हिरो, एव्हन, हर्क्युलस, फिलिप्स, आसनसोलच्या सेन-रॅलेच्या रॅले आणि हंबर या सगळ्या त्याच कुळातल्या. दुसरी 'स्पोर्ट्स' सायकल: हलकी, तारेचे ब्रेक, बहुतेक वेळा २६ × १⅜ ची चाकं. कॉलेजच्या स्टँडवर एके काळी ज्या बीएसए एसएलआर दिसायच्या, तो हा गट. तिसरी नव्वदीच्या दशकातली जाड टायरांची एमटीबी (माउंटन बाइक), हिरो रेंजरसारखी.

मन ओढ घेतं ते रोडस्टरकडे, पण सुरुवात दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारापासून करा. रोडस्टरचे रिम, ब्रेक, कॉटर पिनने अडकवलेले क्रँक (पायडलचे दांडे), अरुंद चिमटा (पुढचं चाक धरणारा भाग) हे सगळं आपापसात जुळलेलं असतं. एक भाग नव्या पद्धतीचा करायला गेलात की उरलेले चार हटून बसतात. तिसऱ्या प्रकाराला कुणी फारसा भाव देत नाही. माझ्या मते तोच सगळ्यात कामाचा: जाड टायरला जागा असते, चाकं सहज मिळतात, फ्रेम धट्टीकट्टी असते, आणि ती बिघडली तरी कुणाच्या आजोबांची आठवण बिघडत नाही.

फ्रेम मिळते कुठे?

सगळ्यात चांगल्या फ्रेम बाजारात येतच नाहीत, त्या ओळखीतून येतात. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार, मुंबईत चोर बाजार आणि कुर्ल्याचं भंगार ही ठिकाणं आहेतच. पण वाडा पाडायला काढलाय किंवा सोसायटीत 'बेवारस सायकली उचला' अशी नोटीस लागलीय, तिथे आधी पोचा. तालुक्याच्या गावातलं एखादं जुनं सायकल दुकानही विसरू नका. भाड्याने सायकली देण्याचा धंदा कधीच बंद झालेला असतो, पण माळ्यावर फ्रेम टांगलेल्या असतात. काकांशी दोन चहा झाल्याशिवाय त्या खाली येत नाहीत, एवढंच.

चोरीची नाही हे कसं ओळखायचं?

पूर्ण खात्री होत नाही, पण काळजी घेता येते. फ्रेमचा नंबर सीटच्या नळीवर वरच्या बाजूला किंवा पायडलच्या कवचाखाली (दोन्ही क्रँक जोडणारा दांडा ज्या आडव्या नळीतून जातो तिच्याखाली) ठोकलेला असतो. तो ग्राइंडरने उडवलेला दिसला तर सरळ परत फिरा. विकणाऱ्याकडून नंबर लिहिलेली साधी पावती आणि त्याचा मोबाइल नंबर घ्या. भंगारवालाही वहीतल्या कागदावर लिहून देतो; अजिबात द्यायला तयार नसेल तर तेच तुमचं उत्तर.

जुन्या सायकलींवर कधी कधी नगरपालिकेचा कराचा बिल्ला सापडतो. सायकलवर कर होता तेव्हाचा तो पत्रा. तो काढून टाकू नका. सायकल कुठे आणि साधारण कधी वापरात होती याचा तोच बहुधा एकमेव कागद.

घेण्याआधी काय तपासायचं?

भंगाराच्या ढिगापाशी घाई होते, म्हणून क्रम ठरलेला बरा.

आधी पुढचा भाग. हेड ट्यूबला (हँडलखालच्या उभ्या नळीला) येऊन मिळणाऱ्या दोन नळ्या, विशेषतः खालची, हेड ट्यूबच्या मागे दोन-तीन बोटांवर हाताने चाचपा. समोरून धडकलेल्या सायकलीत तिथे खालच्या अंगाला सुरकुती किंवा फुगवटा येतो, रंगाला बारीक आडव्या भेगा पडतात. डोळ्यांना जे सुटतं ते नखाला लागतं. अशी फ्रेम फुकट मिळाली तरी नको. फक्त चिमटा मागे वाकला असेल आणि नळ्या सरळ असतील, तर तो बदलता येतो.

मग जोड. रोडस्टरच्या नळ्या लगमध्ये (जोडावरच्या बाहीत) घालून पितळेने झाळलेल्या असतात. लगच्या कडेने केसासारखी गंजाची रेघ दिसली तर तिथे तडा असण्याची शक्यता धरा. मागच्या चाकाच्या खाचांजवळ आणि पायडलच्या कवचापाशी असे तडे जास्त सापडतात.

मग सरळपणा. एक दोरा मागच्या एका खाचेला बांधा, हेड ट्यूबवरून फिरवून दुसऱ्या खाचेला आणा, ताणून धरा. दोन्ही बाजूंच्या दोऱ्यापासून सीटच्या नळीपर्यंतचं अंतर सारखं यायला हवं. दोनेक मिलिमीटरचा फरक चालतो. बोटभर फरक असेल तर ती फ्रेम सोडा.

शेवटी गंज. वरवरचा लालसर गंज पाहून घाबरू नका. खरा गंज आत असतो. सीटची दांडी निघत असेल तर काढा, टॉर्च मारा, फ्रेम उलटी करून हलवा. गंजाची पूड मूठभर पडली, किंवा पायडलच्या कवचाजवळ स्क्रूड्रायव्हर दाबल्यावर पत्रा दबला, तर ती नळी आतून खाल्ली गेलीय. किनारपट्टीवरच्या सायकलींत हे फार दिसतं, कारण पावसाचं पाणी सीटच्या नळीतून उतरतं आणि कवचात साठून राहतं.

नळी कशाची आहे ते कसं कळतं? '५३१' म्हणजे काय?

आपल्या रोडस्टर साध्या कार्बन स्टीलच्या. जड, जाड भिंतीच्या, आणि त्यामुळेच गॅस वेल्डिंगवाल्याकडे दुरुस्त होणाऱ्या. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने १९३५ साली मँगनीज-मॉलिब्डेनमचं मिश्र पोलाद आणलं, ते ५३१. त्याच्या नळ्या टोकांना जाड आणि मध्ये पातळ काढतात, म्हणून फ्रेम हलकी होते. इटलीत कोलंबसच्या नळ्यांचं असंच नाव.

स्टिकर निघून गेलं असेल तर सीटच्या दांडीचा व्यास मोजा. २७.२ मिमी आला तर नळी पातळ, म्हणजे चांगल्या दर्जाची असण्याची शक्यता जास्त. २५.४ किंवा त्याहून कमी आला तर साधी नळी. हा पुरावा नव्हे, खूण आहे. आणि साध्या नळीची सायकल वाईट असते असंही नाही. रोजच्या भाजी-दुकानाच्या फेरीत ५३१ चा फरक मला कधी जाणवला नाही. जिन्यावरून उचलून न्यायची असेल तर जाणवतो.

माझ्या मापाची आहे का?

वरची दांडी दोन पायांमध्ये घेऊन जमिनीवर उभे राहा, दांडीच्या वर दोन-तीन बोटं जागा हवी. जुन्या रोडस्टर २२ आणि २४ इंची फ्रेमच्या येतात, आणि २४ इंची फ्रेम पाच फूट सहा इंचांच्या माणसाला चढायला-उतरायला त्रासदायक ठरते. सीट खाली करून हे सुटत नाही, दांडी जिथे आहे तिथेच राहते. लहानपणी आपण दांडीखालून पाय घालून सायकल चालवली, पण आता गुडघे ऐकत नाहीत. बिनदांडीची लेडीज फ्रेम पुरुषांनी वापरू नये असं कुठेही लिहिलेलं नाही.

कुठली हत्यारं लागतात?

वाटतात त्यापेक्षा कमी. पान्यांचा चांगला संच, हबच्या बेअरिंगच्या कोनसाठी १३ ते १६ चे पातळ पाने, चेन तोडायचं हत्यार, आरे फिरवायची चावी, रबरी हातोडा आणि व्हर्निअर कॅलिपर. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. या छंदात पैसे वाया जातात ते 'बसेल बहुतेक' म्हणून आणलेल्या भागांवर. हेडसेटचे (हँडल ज्यावर वळतं त्या बेअरिंगचे) कप दाबून बसवायला आट्यांचा लांब रॉड, दोन नट आणि मोठे वायसर पुरतात. दुकानात जाताना जुना भाग खिशात घालून न्या. तोंडी वर्णनावर कुणी बरोबर माप दिल्याचं मी पाहिलेलं नाही.

पायडलचं काहीच सुटत नाही. कुठल्या बाजूला फिरवायचं?

इथेच सगळ्यात जास्त फ्रेम खराब होतात, म्हणून सविस्तर.

आधी पायडल. उजवं पायडल नेहमीसारखं सुटतं, डाव्याचे आटे उलटे असतात. मग क्रँक. रोडस्टरला कॉटर पिन असते, एका बाजूने सपाट घासलेली, नटने ओढून धरलेली. नट पूर्ण काढून थेट आट्यांवर हातोडी मारली की पिन वाकते आणि छिद्रात कायमची बसते. त्याऐवजी नट इतका ढिला करा की तो पिनच्या टोकाशी सपाट राहील. क्रँकच्या खाली पिनच्या भोवती बसेल असा जाड पाइपचा तुकडा जमिनीपर्यंत उभा टेकवा, आणि एकच दणदणीत घाव घाला. दहा हलके घाव पिन चेपतात, एक जोरदार घाव तिला बाहेर काढतो. पाइपचा आधार हवाच, नाहीतर सगळा मार आतल्या बेअरिंगच्या छर्ऱ्यांवर जातो. बेंच व्हाइस असेल तर पिनच्या डोक्याकडून सॉकेट ठेवून दाबून काढणं अजून चांगलं. आदल्या रात्री पेनेट्रेटिंग ऑइल सोडून ठेवा.

नवी पिन आणताना जुनी घेऊन जा, कारण मापं वेगवेगळी मिळतात. सपाट बाजू कानशीने घासून बसवावी लागते. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या, आणि सपाट बाजू सारख्याच कोनात घासायची. नाहीतर दोन पायडलं एका रेषेत येत नाहीत आणि सायकल लंगडल्यासारखी चालते.

आता कवचातले कप. आपल्याकडच्या बहुतेक फ्रेमना बीएसए पद्धतीचे आटे असतात: १.३७ इंच व्यास, इंचाला २४ आटे, कवचाची रुंदी बहुधा ६८ मिमी. यात चेनच्या बाजूच्या कपला उलटे आटे असतात, म्हणजे तो घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. डाव्या बाजूचा नेहमीसारखा. चेनच्या बाजूचा कप नुसता जुनाट दिसतोय म्हणून काढायची गरज नसते. आत बोट फिरवा. छर्ऱ्यांचा मार्ग गुळगुळीत असेल तर तिथेच ठेवून साफ करा. खड्डे पडले असतील तरच काढा.

सीटची दांडी फ्रेममध्ये जाम झालीय.

दांडी लोखंडी असेल तर रोज थोडं पेनेट्रेटिंग ऑइल, धीर, आणि जुनी सीट बसवून तिच्या आधाराने दोन्ही बाजूंना पीळ देणं. वरून ठोकू नका. ॲल्युमिनियमची दांडी लोखंडी नळीत जाम झाली असेल तर गोष्ट वेगळी. दोन धातूंमध्ये ओलावा जाऊन ॲल्युमिनियमचा ऑक्साइड फुगतो आणि जागा पार भरून टाकतो. तिथे तेल फारसं आत शिरत नाही. दांडी वर कापून, उरलेला भाग आतून हॅकसॉच्या पात्याने उभा चिरून, कडा आत मुडपून काढणं हा वेळखाऊ पण भरवशाचा मार्ग. कॉस्टिक सोड्याने ॲल्युमिनियम विरघळतं हे खरं. पण त्यातून हायड्रोजन वायू सुटतो, द्रावण उकळतं आणि डोळ्यात उडालं तर डोळा जातो. घरात हे करू नका.

नवी दांडी घालताना ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या माणसावर ही वेळ येणार नाही.

गंज कशाने काढायचा?

लहान भागांसाठी लिंबूसत्व, म्हणजे किराणा दुकानातलं सायट्रिक ॲसिड. लिटरभर पाण्यात पन्नासेक ग्रॅम, भाग रात्रभर बुडवून ठेवायचे, सकाळी घासणीने घासायचे, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून लगेच कोरडे करून तेल लावायचं. 'लगेच' हे शब्दशः घ्या. ॲसिडमधून निघालेलं लोखंड चहा होईपर्यंत परत लालसर होतं. छर्रे, स्प्रिंगा आणि चेन यात टाकू नका. छर्रे तर नवेच घ्या, स्वस्त असतात. संडास साफ करायच्या ॲसिडपासून लांब राहा. त्याच्या वाफेने कपाटातली बाकीची हत्यारंही गंजतात.

क्रोमच्या भागांना ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला तरी पुष्कळ फरक पडतो.

नळ्यांच्या आतून जवसाचं उकळलेलं तेल फिरवून घ्या. फ्रेम सगळ्या बाजूंनी उलटीसुलटी करायची, जादा तेल निथळू द्यायचं, आठवडाभर वाळू द्यायचं. आत पातळ थर तयार होतो. तेलाचे बोळे मात्र चुरगळून कोपऱ्यात फेकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून उन्हात वाळवा, मग टाका.

रंग द्यायचा की नाही?

माझं मत विचाराल तर बहुतेक वेळा नाही. मूळ काळा रंग, त्यावर हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा, हेड ट्यूबवरचा पितळी बिल्ला, चेन कव्हरवर कुण्या पेंटरने लिहिलेलं मालकाचं नाव हे सगळं एका दुपारी खरवडून जातं आणि कुठल्याही किमतीला परत येत नाही. सौम्य साबणाने धुवा, पॉलिश करा, मेण लावा, जिथे पत्रा उघडा पडलाय तिथे बारीक ब्रशने रंगाचा ठिपका द्या. शंभरातल्या नव्वद फ्रेम एवढ्यावर भागतात.

रंग आधीच कुणीतरी ऑइलपेंटने फासलेला असेल किंवा गंज सगळीकडे असेल, तर पावडर कोटिंग टिकाऊ. भट्टीचं तापमान साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस असतं, पितळी झाळेला त्याने काही होत नाही. देण्याआधी तीन गोष्टी बजावून सांगा. एक, पायडलच्या कवचाचे आणि चिमट्याच्या दांड्याचे आटे झाकायचे. दोन, हेडसेटचे कप बसतात त्या जागी कोट नको. तीन, सँडब्लास्टिंग हलक्या हाताने, एका जागी रेंगाळायचं नाही. औद्योगिक वसाहतीतल्या कोटिंगवाल्याला गेट आणि ग्रिल करायची सवय असते, तो तुमच्या फ्रेमलाही ग्रिलच समजतो. लांबी (पुट्टी) भरलेली फ्रेम भट्टीत घालू नका, लांबी फुगते. तिथे रेड ऑक्साईड आणि वर ड्युको असा जुना रस्ता बरा.

रोडस्टरला नवी ७०० ची चाकं बसतील का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. उत्तर: बसतात, पण एकट्याने येत नाहीत.

टायरवर बारीक अक्षरांत छापलेलं दोन आकड्यांचं माप बघा. २८ × १½ म्हणजे ४०-६३५. यातला ४० ही टायरची रुंदी आणि ६३५ हा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ७०० सी चा तोच आकडा ६२२, स्पोर्ट्सच्या २६ × १⅜ चा ५९०, एमटीबीच्या २६ चा ५५९. म्हणजे '२६ इंची' नावाची दोन चाकं असतात आणि एकाचा टायर दुसऱ्यावर चढत नाही. दुकानदाराशी वाद घालण्यापेक्षा हा आकडा दाखवा.

६३५ च्या जागी ६२२ घातलं की रिम साडेसहा मिलिमीटर आत जातो. त्यात ३२ चा बारीक टायर घातला तर अख्खी सायकल साधारण दीड सेंटिमीटर खाली येते. वळणावर पायडल टेकण्याची भीती थोडी वाढते, पण चालवता येतं. खरी अडचण ब्रेकची. सळयांच्या ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या, म्हणजे हबकडच्या बाजूवर दाबतात. त्यासाठी रिम खास गोलसर आकाराचा असतो, त्याला वेस्टवूड म्हणतात. नव्या ॲल्युमिनियम रिमला ती बाजू नसते आणि वेस्टवूडला कॅलिपरसाठी (रिम दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या तारेच्या ब्रेकसाठी) सपाट कड नसते. म्हणून चाक बदललं की ब्रेक बदलला, ब्रेक बदलला की हँडल बदललं.

दुसरी अडचण आऱ्यांची. जुन्या रोडस्टरच्या पुढच्या हबला ३२ भोकं आणि मागच्याला ४०. नवा रिम ३२ किंवा ३६ चा मिळतो. जुना मागचा हब नव्या रिमवर विणता येत नाही. तिसरी रुंदीची. रोडस्टरचा पुढचा चिमटा १०० मिमीच्या नव्या हबला अपुरा पडतो आणि खाच जुन्या ५/१६ इंची ॲक्सलची, बारीक. कानशीने खाच मोठी करणारे बरेच आहेत. त्याऐवजी बारीक ॲक्सलचा हब शोधा, सायकलच्या जुन्या दुकानात तो अजूनही मिळतो.

चाक स्वतः विणायचं असेल तर जरूर विणा, पण पहिलं चाक एखाद्या जुन्या मिस्त्रींकडून करवून घ्या आणि शेजारी बसून बघा. आउट (चाकाचा वाकडेपणा) काढताना ते आऱ्यावर बोट मारून आवाज ऐकतात, तेवढं शिकलात तरी फेरी वसूल.

मागचं नवं चाक फ्रेममध्ये शिरत नाही. फाकवून बसवू का?

लोखंडी फ्रेमची हीच मजा आहे की तिला थोडं फाकवता येतं. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर हा प्रयोग कधीच नको. आधी आतलं अंतर मोजा. रोडस्टर साधारण ११० ते ११४ मिमी, पाच गियरच्या जुन्या सायकली १२०, सहा-सात गियरच्या १२६, नंतरच्या रोड सायकली १३०, एमटीबी १३५. १२६ ची १३० करणं सोपं, दोन्ही बाजूंना दोन-दोन मिमी. ११४ ची १२० सुद्धा होते. ११० च्या रोडस्टरला १३० चं चाक घालायचा हट्ट धरू नका. मागच्या नळ्यांच्या मधला आडवा तुकडा उखडतो. एकेक बाजू वेगळी फाकवा, दर खेपेला दोरा लावून तपासा, आणि खाचा एकमेकींना समांतर आहेत ना ते शेवटी बघा.

गियर बसवावेत का?

पठारावर राहत असाल तर नको. रोडस्टरला बहुतेक वेळा पुढे ४४ किंवा ४८ दाते आणि मागे १८ चं फ्रीव्हील असतं. ४४ ला १८ म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात साधारण साडेपाच मीटर अंतर. सपाटीवर छान, चढावर गुडघ्यांची परीक्षा. मागे २२ चं फ्रीव्हील लावलं की तेच अंतर साडेचार मीटरच्या आत येतं आणि पुण्यातले बहुतेक उड्डाणपूल बसून चढता येतात. फ्रीव्हीलचे आटेही १.३७ इंच, २४ चेच असतात, त्यामुळे ते बदलणं म्हणजे एका भागाचा खर्च. गियरच्या आधी हे करून बघा.

तरी गियर हवेच असतील तर रोडस्टरला शोभतो तो हबच्या पोटातला तीन गियरचा स्टर्मी-आर्चर. मधला गियर सरळ, खालचा त्याच्या पाऊणपट, वरचा सव्वापटीहून थोडा जास्त. नॉटिंगहॅमच्या जुन्या हबवर बनवल्याचं साल ठोकलेलं असतं. जुना हब मिळाला तर उघडण्याआधी आत पातळ तेल सोडून दोन दिवस फिरवा. पुष्कळदा नुसतं तेल वाळलेलं असतं.

ब्रेकशिवाय फिक्स्ड गियर (चाकाबरोबर पायडलही फिरतच राहतं तो)? आपल्या रस्त्यांवर नको. यावर चर्चा नाही.

ब्रेक कुठले?

क्रोमचे लोखंडी रिम पावसात जवळजवळ ब्रेक नसल्यासारखे वागतात. जूनमध्ये पहिल्या सरीला हे कळू नये, म्हणून सायकल रोज चालवणार असाल तर पैसे आधी ॲल्युमिनियमच्या रिमवर घाला, रंगावर नंतर. कॅलिपर घेण्यापूर्वी चिमट्याच्या ब्रेकच्या भोकापासून रिमच्या कडेपर्यंत माप घ्या. जुन्या फ्रेमना लांब हातांचे कॅलिपर लागतात, आणि दुकानात आधी पुढे येतात ते आखूड हातांचे. एमटीबीच्या चिमट्यावर ब्रेकचे खुंट असतील तर व्ही-ब्रेक लावा आणि विषय संपवा. सळयांचे ब्रेक ठेवायचेच असतील तर नवे रबर, सगळे सांधे तेल घालून मोकळे, आणि दोन्ही रबरं रिमला एकाच वेळी टेकतील अशी जुळणी.

छर्रे कुठल्या मापाचे घ्यायचे?

पायडलच्या कवचात ¼ इंच, एका बाजूला ११. मागच्या हबला ¼, एका बाजूला ९. पुढच्या हबला ³⁄₁₆, एका बाजूला १०. हेडसेटला बहुधा ⁵⁄₃₂. तरीही जुने मोजून ठेवा. पिंजऱ्यातले छर्रे निघाले तर त्याऐवजी सुटे घालता येतात, जास्त बसतात आणि जास्त टिकतात. ग्रीस साधं लिथियमचं, गाडीच्या बेअरिंगला वापरतात ते.

मी परदेशात राहतो. तिथे मिळणाऱ्या फ्रेमना हेच लागू आहे का?

ढोबळमानाने हो, आट्यांची गोष्ट सोडून. नॉटिंगहॅमच्या जुन्या रॅलेंचे आटे इंचाला २६, म्हणजे बीएसएचा २४ चा कप त्यात अर्धा फेरा जाऊन अडतो. तिथे जोर लावलात तर फ्रेम गेली. इटालियन फ्रेमला ३६ मिमीचे, दोन्ही बाजूंना सरळ आटे. जुन्या फ्रेंच फ्रेमला ३५ मिमीचे, तेही बहुतेक सरळ. अशा फ्रेमचे मूळ कप शाबूत असतील तर ते सोन्यासारखे जपा. एक सोय मात्र तिथे आहे जी इथे नाही: सार्वजनिक सायकल वर्कशॉप, जिथे हत्यारं वापरायला मिळतात.

नवी घेण्यापेक्षा स्वस्त पडते का?

नाही. फ्रेम स्वस्त मिळते, मग चाकं, टायर, ब्रेक, चेन, सीट एकेक करून येतात. त्यातही चाकांवर सगळ्यात जास्त जातं. पैसे वाचवायचेच असतील तर फ्रेम विकत घेऊ नका, चालती जुनी सायकल पूर्ण विकत घ्या आणि तिचं ओव्हरहॉलिंग करा.

पूर्ण, मूळ भागांसकट सायकल मिळाली. तिचे भाग काढून दुसरी बांधू का?

मी नाही बांधणार. मूळ मडगार्ड, चेन कव्हर, डायनॅमो, पितळी बिल्ल्यासकट एकत्र राहिलेल्या सायकली वर्षागणिक कमी होताहेत. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला, सेन-रॅले तर केव्हाच इतिहासजमा झाली. हे भाग परत बनणार नाहीत. अशी सायकल नुसती साफ करून चालवा, किंवा ज्याला तिची कदर आहे अशा माणसाला द्या. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय आहे. काही तोडण्याआधी तिथे एक चक्कर मारा, मूळ सायकलीवर काय काय असायचं ते डोळ्यांनी बघा. सुट्या, उघड्या फ्रेम ढिगाने पडल्यात, हात साफ करायला त्या आहेत.

लग तुटलाय. वेल्डिंग करून घेऊ का?

आर्क वेल्डिंग नको. पातळ नळीला भोक पडतं आणि शेजारचा भाग ठिसूळ होतो. गॅसवर पितळेने झाळणारा कारागीर शोधा. रोडस्टरच्या जाड नळ्यांना ते पेलतं. ५३१ च्या फ्रेमसाठी आधी त्याने तसं काम केलंय का विचारा. हेड ट्यूबजवळचा तडा मात्र झाळूनही मी चालवणार नाही.

तयार झाली. लगेच लांब फेरी मारू का?

आधी सोसायटीच्या आवारात. पुढचा ब्रेक दाबून धरून सायकल पुढे ढकला. हेडसेटमध्ये खटखट लागली तर कोन ढिला आहे. हँडलची दांडी चिमट्यात किमान अडीच इंच आत आहे ना बघा. उभं राहून पायडलवर जोर द्या, चाक खाचेत सरकत नाही ना पाहा. चेन मधोमध बोटाने दाबल्यावर अर्धा-पाऊण इंच खाली-वर व्हायला हवी. मग घराभोवती काही किलोमीटर, आणि परत येऊन प्रत्येक नट पुन्हा आवळा. कॉटर पिनांचे नट तर पहिल्या आठवड्यात दोन-तीनदा. नवी पिन बसायला वेळ घेते, आणि ढिल्या पिनवर चालवलेला क्रँक आपलं छिद्र खाऊन टाकतो. आऱ्यांचा ताणही पंधरवड्यात उतरतो, तेव्हा एकदा आउट काढून घ्या. पाना, पंक्चरचं सामान आणि एक जादा कॉटर पिन सीटखालच्या पिशवीत असू द्या. ती पिन हायवेच्या टपरीवर मिळत नाही.